दीर्घ धांव आणि दीर्घ आयुष्य

गेल्या जानेवारींतील एका रविवारीं आमच्या वडील भगिनीनें आम्हांस पहांटे साडेचार वाजतां उठविलें आणि मुंबईच्या रस्त्यावर नेऊन उभें केलें. २००४ पासून जानेवारींत तेथें मॅरेथॉन नांवाची दीर्घ धांव होत असते हें वाचकांस ठाऊक आहेच. तींत आमचा भाचा धांवणार होता. वय छत्तीस, बँकेंत अधिकारी, आणि ४२ किलोमीटरांची पुरी धांव धांवण्याची त्याची ही तिसरी खेप. बराच वेळ तिष्ठत राहिल्यावर तो एकदांचा आमच्यासमोरून गेला. त्यानें हात हालविला, ताईनेंहि हालविला, आणि तो गर्दींत दिसेनासा होतांच ती आमच्याकडे वळून म्हणाली, "तूं इतिहास शिकवतोस ना? मग मला एवढें सांग, हें जें तो करतो आहे त्यानें माणूस जगतो कीं मरतो?"

प्रश्न रागाचा नव्हता आणि पोकळहि नव्हता. ताईचे यजमान एकोणपन्नासाव्या वर्षीं हृदयविकारानें गेले. सकाळीं कचेरीस जाण्यासाठीं जोडे घालावयास बसले ते उठलेच नाहींत. भाच्यानें धांवण्यास आरंभ केला तो त्यानंतर दोन वर्षांनीं. आतां तो चारास उठतो आणि रात्रीं नवाच्या ठोक्यास निजतो, मग घरांत पाहुणे असोत कीं सण असो. रविवारीं तीस किलोमीटर धांवून आला म्हणजे दुपारभर निपचित पडलेला असतो. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीनें शाळेंत 'माझे बाबा' या विषयावर चार ओळी लिहिल्या, त्यांतली एक 'माझे बाबा रविवारीं झोपतात' अशी होती. घरांत सर्वांनीं ती हंसून वाचली. सुनेनें मात्र कांहीं न बोलतां वही मिटून ठेवली. मागल्या वर्षीं गुडघ्यानें त्याला तीन महिने छळलें. आणि तरीहि त्याचें वजन, त्याची नाडी, त्याचा रक्तदाब हीं सारीं डॉक्टरांनीं नांवाजण्यासारखीं आहेत. बापास जें घेऊन गेलें त्याला चुकविण्याची त्याची ही खटपट आहे, हें घरांत सर्वांस कळतें. कोणी बोलून दाखवीत नाहीं इतकेंच.

आम्ही वैद्य नव्हों, आणि रस्त्यावर उभ्याउभ्या देण्यासारखें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. पण घरीं आल्यावर ध्यानांत आलें कीं, हाच प्रश्न माणसें निदान अडीच हजार वर्षें एकमेकांस विचारीत आलीं आहेत, आणि गेल्या दीडशें वर्षांत तो मोजमापानें सोडविण्याचाहि यत्न झालेला आहे. त्या यत्नाची हकीकत मनोरंजक आहे आणि थोडी फसवीहि आहे. तीच येथें सांगावयाची आहे.

ग्रीक लोक खेळाडूंचे मोठे भक्त होते अशी आपली समजूत असते. त्यांचे वैद्य तसे नव्हते. हिपोक्रेटिसाच्या नांवावर चालत आलेल्या सूत्रांत अगदीं आरंभींच मल्लांच्या शरीरसंपदेविषयीं इशारा आहे. ती शिखरास पोंचली म्हणजे तेथें टिकत नाहीं, आणि वर जावयास जागा नसते, तेव्हां तिला खालींच यावें लागतें, असा त्याचा आशय. पुढें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलेन हा पर्गामम येथें झुंजणाऱ्या ग्लॅडिएटरांचा वैद्य होता. मोडलेलीं शरीरें त्यानें जवळून पाहिलीं होतीं. धंदेवाईक खेळाडूंवर त्याचा फार रोष. खाणें, निजणें आणि घाम गाळणें यापलीकडे त्यांना आयुष्य म्हणून कांहीं नसतें, असें तो मानी. परंतु आम्हांस त्याच्या या टीकेपेक्षां लहान चेंडूच्या खेळावर त्यानें लिहिलेला एक छोटासा निबंध अधिक मोलाचा वाटतो. या खेळाची तो शिफारस करतो ती कशासाठीं? तर याला शिकारीप्रमाणें घोडे, कुत्रे, जाळीं लागत नाहींत; गरिबास तो परवडतो; कामाच्या धबडग्यांत असलेल्या मनुष्यास जमतो; सर्व अवयवांना त्यांत सारखें काम मिळतें आणि मनहि रमतें. व्यायाम मनुष्याच्या दिवसांत बसला पाहिजे, हा विचार अठराशें वर्षांचा जुना आहे म्हणावयाचा.

आमच्या आयुर्वेदाची दृष्टि याहून निराळी नाहीं. सुश्रुतानें व्यायामाची मुक्तकंठानें स्तुति केली, पण माप घालून दिलें तें अर्ध्या बळाचें. श्वास वाढून तोंडानें घ्यावा लागूं लागला म्हणजे अर्धें बळ खर्चलें असें समजावें व थांबावें. त्यापुढें गेल्यास तहान, क्षय, ज्वर, खोकला अशी व्याधींची माळ मागें लागते. वाग्भटानें तर अति व्यायाम करणारास, हत्तीला ओढूं पाहणाऱ्या आणि त्यांतच नाश पावणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. उपमा विचार करण्यासारखी आहे. तो सिंह दुबळा नाहीं; बळकट आहे म्हणूनच त्याला हत्ती ओढावासा वाटतो.

आतां मॅरेथॉनविषयीं. या धांवेची दंतकथा सर्वांच्या तोंडीं आहे: ख्रिस्तपूर्व ४९० मध्यें मॅरेथॉनच्या रणांगणावरून फायडिपिडीस हा धांवत अथेन्सला आला, जयाची वार्ता सांगितली आणि गतप्राण झाला. परंतु त्या युद्धाच्या सर्वांत जवळचा इतिहासकार हिरोडोटस याला हें मरण ठाऊक नाहीं. त्याच्या ग्रंथांत हा दूत युद्धापूर्वीं मदत मागण्यासाठीं अथेन्सहून स्पार्टाला जातो, दुसऱ्या दिवशीं पोंचतो, आणि तेथें मरत वगैरे नाहीं. मरणारा दूत येतो तो कित्येक शतकांनंतर, प्लूटार्क व ल्यूशियन यांच्या लेखनांत, आणि प्लूटार्क तर त्याचें नांवहि निराळें सांगतो. ब्राउनिंग कवीनें १८७९ मध्यें या सर्वांची एकत्र गुंफण केली, आणि आधुनिक ऑलिंपिक खेळांच्या वेळीं मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडितानें अशी धांव ठेवण्याची सूचना केली. म्हणजे या खेळाच्या जन्मकथेंतच मरण आहे, पण तें मागाहून घातलेलें आहे. हिरोडोटसाचा दूत आमच्याकडील जासुदाचा सोयरा होता. धांवणें हा त्याचा धंदा. आणि धंदा करणारा मनुष्य दुसऱ्या दिवशींहि कामावर यावयाचें आहे हें ध्यानांत ठेवूनच पाय उचलतो.

१८९६ मध्यें अथेन्सला ही धांव पहिल्यानें झाली तेव्हां सुमारें चाळीस किलोमीटर अंतर २ तास ५८ मिनिटें ५० सेकंदांत तोडून स्पिरिडॉन लुई पहिला आला. मारूसी गांवचा हा पाणक्या. सारा ग्रीस देश त्याला डोक्यावर घेऊन नाचला, आणि हा गृहस्थ गांवीं परत जाऊन आपल्या उद्योगाला लागला. पुन्हां शर्यत म्हणून तो धांवला नाहीं. १९०८ मध्यें लंडनला दोरांदो पिएत्री हा इटालियन शेवटच्या कांहीं शें यार्डांत अनेक वेळां कोसळला, त्याला लोकांनीं आधार देऊन रेषेपार नेलें, आणि म्हणून त्याचा विजय रद्द झाला. १९१२ मध्यें स्टॉकहोमला फ्रान्सिस्को लाझारो हा पोर्तुगालचा सुतार घाम येऊं नये म्हणून अंगाला मेणासारखा लेप लावून उन्हांत धांवला आणि दुसऱ्या दिवशीं मेला. दंतकथेला असा खरा मुडदा मिळाल्यावर वैद्यकांतल्या भीतीला जोर चढला तर नवल नाहीं.

पण भीति त्याहून जुनी होती, आणि तिची पहिली शहानिशा झाली ती धांवण्यावरून नव्हे, तर नावा वल्हविण्यावरून. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांमधली नौकाशर्यत १८२९ मध्यें सुरू झाली. १८४५ पासून ती थेम्स नदीवर पटनी ते मॉर्टलेक अशी सव्वाचार मैलांची होऊं लागली. आठ तरुण वीस-एकवीस मिनिटें जीव तोडून वल्हीं मारतात आणि शेवटीं कित्येकजण वल्ह्यावर मान टाकतात, हें दृश्य पाहून वडीलधाऱ्यांच्या पोटांत गोळा येई. १८६७ मध्यें फ्रेडरिक स्के या नामांकित शस्त्रवैद्यानें 'टाइम्स' पत्राला लिहून या शर्यतीचा निषेध केला. ही तरुण मुलें आपल्या हृदयांचा नाश करून घेत आहेत, असें त्याचें म्हणणें. त्यावर वर्तमानपत्रांत बराच गदारोळ उडाला. १८७० मध्यें विल्की कॉलिन्स या कादंबरीकारानें तर 'मॅन अँड वाइफ' या कादंबरींत एक पिळदार देहाचा खलनायक रंगविला आणि ऐन धांवेच्या शर्यतींत त्याला कोसळविला. आईबापांनीं काय मानावें? एका बाजूस शस्त्रवैद्य व कादंबरीकार, दुसऱ्या बाजूस मुलांचा उत्साह.

या वादांत जॉन एडवर्ड मॉर्गन या मँचेस्टरच्या डॉक्टरानें जें केलें त्याचें आम्हांस फार कौतुक वाटतें. तो स्वतः ऑक्सफर्डला असतां वल्हवीत असे, तेव्हां त्याचें मत कोणत्या बाजूला झुकलेलें होतें तें उघड आहे. परंतु त्यानें मत मांडण्यापूर्वीं माणसें मोजलीं. १८२९ पासून १८६९ पर्यंत २६ शर्यती झाल्या होत्या आणि त्यांत २९४ जणांनीं वल्हीं धरलीं होतीं. कोणी धर्मोपदेशक होऊन खेड्यांत गेलेला, कोणी वसाहतींत, कोणी हिंदुस्थानांत, कोणी वारलेला. मॉर्गननें एकेकाचा माग काढला. हयात असलेल्यांस पत्रें लिहिलीं, मृतांच्या आप्तमित्रांस लिहिलीं, आणि विचारलें कीं, वल्हविण्यानें तुमच्या अथवा त्यांच्या प्रकृतीवर काय परिणाम झाला? १८७३ मध्यें त्यानें पुस्तक प्रसिद्ध केलें. ११५ जणांना फायदा झाला होता, १६२ जणांना अपाय नव्हता, आणि १७ जणांना अपाय झाला असें कळलें. आयुर्मानाचा हिशेब मांडला तर डॉ. फार यांच्या कोष्टकांवरून जितकीं वर्षें अपेक्षित होतीं त्यांहून हे नाविक सुमारें दोन वर्षें अधिक जगत होते.

स्के यांचें तोंड बंद झालें असें पुष्कळांस वाटलें. आम्ही मात्र हें पुस्तक विद्यार्थ्यांपुढें नेहमीं दोन कारणांसाठीं ठेवतों: प्रश्न कसा विचारावा हें त्यावरून शिकावें, आणि उत्तरानें कसें फसूं नये हेंहि शिकावें. फार यांचीं कोष्टकें साऱ्या इंग्लंडच्या लोकांचीं. त्यांत खाणींतला मजूर आला, गिरणींतला आला, अर्धपोटीं राहणारा आला. नौकेंत बसणारे आठ जण म्हणजे खात्यापित्या घरच्या मुलांतून वजन, छाती व दम पाहून निवडून काढलेले. असे तरुण जन्मभर आरामखुर्चींत बसून राहिले असते तरी कदाचित् दोन वर्षें अधिक जगले असते. वल्हविण्यानें ते बळकट झाले, कीं बळकट होते म्हणून वल्हवूं लागले? शिवाय उतारवयांत मनुष्यास विचारलें कीं तरुणपणच्या खेळानें तुझें वाईट झालें काय, तर 'होय' म्हणणारा विरळाच. पण त्या सतरा जणांना मॉर्गननें दडविलें नाहीं, हें लक्षांत घेतलें पाहिजे. खेळाचा कैवारी असून अपायाची संख्या छापणारा मनुष्य आम्हांस अशा वादांत क्वचितच भेटला आहे.

तुलना कोणाशीं करावयाची, हा पेंच पुढें लोकांनीं हळूहळू सोडविला. १९३९ मध्यें हार्टली आणि ल्यूएलिन यांनीं त्याच शर्यतींतील नाविकांचा हिशेब विमा उतरविलेल्या लोकांशीं ताडून पाहिला. तेथेंहि नाविक कमी ठरले नाहींत. त्याहून सरस काम १९५४ मध्यें ॲलन रूक यानें केलें. त्यानें केंब्रिजच्या जुन्या खेळाडूंची तुलना केंब्रिजच्याच इतर विद्यार्थ्यांशीं केली: एक गट सहज उचललेला, दुसरा परीक्षांत उच्च सन्मान मिळविलेल्यांचा. खेळाडू आणि सामान्य विद्यार्थी यांच्या आयुष्यांत फरक जवळजवळ नव्हताच. जास्त जगले ते पुस्तकांतले किडे, सुमारें दीड वर्ष. आमच्या व्यायामप्रेमी सहकाऱ्यांस ही गोष्ट ऐकविण्याची संधि आम्ही सहसा दवडीत नाहीं. मात्र त्या दीड वर्षाचें श्रेय वाचनाला द्यावें असें आम्हीं स्वतःहि कधीं मनापासून मानलेलें नाहीं.

हृदय मोठें होतें, या भीतीचा उगमहि पाहण्यासारखा आहे. १८९९ मध्यें स्वीडनमधील हेन्शेन या वैद्यानें बर्फावरून लांब पल्ल्याच्या शर्यती धांवणाऱ्यांच्या छातीवर बोटांनीं ठोकून हृदयाचा आकार अजमावला. त्यांचीं हृदयें मोठीं होतीं. त्याचा स्वतःचा अभिप्राय असा होता कीं, मोठें हृदय अधिक काम करतें व शर्यत जिंकतें. पण 'खेळाडूचें हृदय' हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि कित्येक डॉक्टर त्याला रोगाचें नांव समजून चालले.

त्या समजुतीनें गांठलेला एक मनुष्य म्हणजे अमेरिकेंतला क्लॅरेन्स डीमार. बॉस्टन येथील मॅरेथॉन त्यानें सात वेळां जिंकली: १९११, १९२२, १९२३, १९२४, १९२७, १९२८ आणि १९३० मध्यें. पहिल्या विजयाच्या आधीं डॉक्टरानें त्याची छाती तपासली, हृदयांत कुरकुर ऐकली आणि ही तुझी शेवटची शर्यत समज असें बजावलें. तो जिंकला. पुढल्या वर्षीं स्टॉकहोमलाहि धांवला, त्याच लाझारोच्या शर्यतींत, आणि बारावा आला. नंतर मात्र कांहीं वर्षें तो जवळजवळ थांबलाच. त्याला डॉक्टरांची धास्ती होती, पण तेवढेंच नव्हे. तो धार्मिक वृत्तीचा होता; बक्षिसांच्या मागें लागणें हा अहंकार तर नव्हे, अशी त्याला शंका येई. शिवाय शिक्षण पुरें करावयाचें होतें आणि पोटाचा उद्योग होता. तो छापखान्यांत जुळारी होता.

या जुळारीपणाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. डीमारनें धांवण्यासाठीं नोकरी सोडली नाहीं. तो कामावर जातांना आणि येतांना धांवे. खिळे जुळवून हात काळे करी, रविवारीं मुलांना धर्माचे धडे शिकवी, आणि मध्येंच एक दिवस जाऊन मॅरेथॉन जिंकून येई. पुढें तो मुद्रणकलेचा शिक्षक झाला. १९२४ मध्यें पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें त्याला कांस्यपदक मिळालें तेव्हां तो छत्तीस वर्षांचा होता, बॉस्टनची शेवटची धांव जिंकली तेव्हां एकेचाळीस, आणि त्याच रस्त्यावर १९५४ मध्यें शेवटचा धांवला तेव्हां पासष्ट. १९५८ मध्यें सत्तराव्या वर्षीं तो कर्करोगानें वारला. त्याच्या हृदयाची तपासणी झाली आणि जेम्स करेन्स व पॉल डडली व्हाइट या डॉक्टरांनीं १९६१ मध्यें तिचा वृत्तांत छापला. हे व्हाइट म्हणजे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हृदयविकाराच्या वेळीं ज्यांना बोलाविलें तेच. डीमारच्या हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या नेहमींच्या दुप्पट-तिप्पट रुंद निघाल्या. त्यांत वयाप्रमाणें कांहीं गाळ सांचला होता. पण वाट इतकी ऐसपैस कीं त्या गाळानें अडथळा व्हावयास जागाच नव्हती.

एवढ्यावरून लोकांनीं मोठमोठे मनोरे उभारले. १९७०च्या सुमारास अमेरिकेंत धांवण्याची लाट आली आणि बॅसलर नांवाच्या एका डॉक्टरानें असें प्रतिपादिलें कीं, जो मॅरेथॉन पुरी करतो त्याला हृदयविकाराच्या झटक्यापासून अभय मिळतें. दक्षिण आफ्रिकेचे टिमोथी नोक्स यांनीं १९७९ मध्यें मॅरेथॉन धांवणाऱ्यांचींच प्रेतपरीक्षणें पुढें ठेवून तें खोडून काढलें. पण लोकांच्या मनांतून तें गेलें तें एका मृत्यूनें. जिम फिक्स यानें पस्तिशीच्या आसपास धांवणें धरलें. तोंवर तो स्थूल होता आणि सिगारेटी भारी ओढी. वजन उतरलें, व्यसन सुटलें, आणि १९७७ मधील त्याच्या पुस्तकानें लाखो लोकांस रस्त्यावर आणलें. २० जुलै १९८४ रोजीं तो व्हर्माँटमध्यें धांवतांना कोसळून मेला. वय बावन्न. त्याच्या बापाला पस्तिसाव्या वर्षीं हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षीं तो त्यानेंच गेला होता. केनेथ कूपर या डॉक्टरानें मागाहून लिहिलें आहे कीं, मृत्यूच्या कांहीं महिने आधीं फिक्स आपल्या टेक्ससमधील संस्थेंत आला असतां त्याला यंत्रावर धांवून हृदयाची चाचणी करून घेण्याविषयीं सुचविलें होतें, आणि त्यानें ती केली नाहीं. प्रेतपरीक्षणांत रोहिण्या फार अरुंद झालेल्या आढळल्या. धांवण्यानें फिक्स मेला असें म्हणणारांनीं हें विसरूं नये कीं बापापेक्षां तो नऊ वर्षें अधिक जगला. आणि त्या नऊ वर्षांत त्यानें छातीचें दुखणें ऐकलें नसेल, तर धांवण्यावरील विश्वासानेंच त्याचे कान बंद केले असतील, हेंहि विसरूं नये.

हीं सारीं परकीं उदाहरणें. आमच्याकडील एक सांगतों. १९१९ मध्यें पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती झाल्या तेव्हां दोराबजी टाटा अध्यक्ष होते. खेड्यांतून आलेले शेतकरी अनवाणी धांवले. नियम ठाऊक नाहींत, शिकवणारा कोणी नाहीं, आणि तरीहि त्यांचा वेळ पाहून टाटा चकित झाले. त्यांतूनच १९२० मध्यें अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी पथक गेलें. बेळगांवकडील फडेप्पा दरेप्पा चौगुले तेथें मॅरेथॉन धांवले आणि एकोणिसावे आले. अंतर त्या वर्षीं ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आतांच्याहूनहि अधिक होतें, आणि त्यांना २ तास ५१ मिनिटांच्या आंत वेळ लागला. सदाशिव दातार हेहि त्या शर्यतींत होते, पण त्यांना ती पुरी करतां आली नाहीं. त्या शेतकऱ्यांचा दम मैदानावर कमावलेला नव्हता. नांगर, डोंगर आणि बाजारची वाट यांनीं तो दिला होता.

कामांतून येणाऱ्या याच दमाचें मोल १९५३ मध्यें लंडनच्या बसगाड्यांत सिद्ध झालें. जेरेमी मॉरिस या डॉक्टरानें तेथील वाहतूक खात्यांतल्या सुमारें ३१ हजार पुरुषांचा अभ्यास केला. दुमजली बस, तिच्यावर दोन नोकर: एक दिवसभर बसून चालवणारा, दुसरा तिकिटें देत वर-खालीं करणारा. पगार, वस्ती, जेवणखाण जवळजवळ सारखें. वाहक कामाच्या दिवशीं पांचशें ते साडेसातशें पायऱ्या चढत. त्यांच्यांत हृदयविकाराचें प्रमाण चालकांहून कमी होतें, तो उशिरां येई, आणि आला तरी लगोलग मरण येण्याचें प्रमाण निम्म्याच्या आसपास होतें. टपाल खात्यांतहि हाच प्रकार आढळला. पत्रें वाटणारे बसून काम करणाऱ्यांपेक्षां बरे. मॉर्गनला न सुचलेली शंका मॉरिसला सुचली. त्यानें गणवेशाच्या विजारींचीं मापें काढविलीं आणि चालकांच्या कमरा नोकरीच्या सुरुवातीलाच मोठ्या असतात असें १९५६ मध्यें स्वतःच छापलें. म्हणजे येथेंहि थोडी निवड होतीच. तरी पुढील अनेक वर्षांच्या शोधांत मुख्य निष्कर्ष टिकला. मॉरिस स्वतः २००९ मध्यें नव्याण्णवाव्या वर्षीं वारला.

त्या वाहकांपैकीं कोणी पदक मिळविलें नाहीं, कोणाच्या मुलीनें 'माझे बाबा रविवारीं झोपतात' असें लिहिलें नसेल. ताईला आम्हीं हें सांगितलें तेव्हां ती लगेच म्हणाली, "मग त्याला सांग कीं बँकेंत लिफ्ट सोडून जिन्यानें जा!" पण इतकें सोपें तें नाहीं. बर्फावरच्या ज्या धांवणाऱ्यांच्या छात्या हेन्शेननें ठोकून पाहिल्या त्यांच्या वंशजांचा हिशेब अलीकडे निघाला आहे. स्वीडनमध्यें वासालोपेट नांवाची नव्वद किलोमीटरांची शर्यत आहे. तींत उतरणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या निम्म्याइतकेंच असल्याचें २००३ मध्यें प्रसिद्ध झालें. आणि २०१३ मध्यें अशाच ५२ हजारांहून अधिक जणांच्या अभ्यासांत असें दिसलें कीं, जे वारंवार ही शर्यत पुरी करतात आणि जे फार वेगानें करतात त्यांच्यांत हृदयाचा ताल बिघडण्याचें प्रमाण इतर स्पर्धकांहून अधिक आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या. स्के आणि मॉर्गन हे दोघे एका टेबलाशीं बसले तर हीं आंकडेवारी दोघांनाहि थोडी थोडी आवडेल.

तेव्हां ताईच्या प्रश्नाला आम्हीं जें उत्तर दिलें तें असें. धांवण्यानें तुझा मुलगा मरेल ही भीति फारशी खरी नाहीं. धांवतो म्हणून मरणार नाहीं ही त्याची खात्री मात्र मुळींच खरी नाहीं. आयुष्य वाढविण्याइतका व्यायाम तो आठवड्याच्या तीन-चार सकाळींच करून चुकतो. त्यापुढील धांव ही त्याची हौस आहे, आणि हौसेचा खर्च घरांतल्या सर्वांच्या वेळांतून होतो, तेव्हां त्यांना विचारून करावा. हौस वाईट असें आम्ही म्हणणार नाहीं. आम्हींहि जुन्या ग्रंथांपायीं पुष्कळ रविवार घालविले आहेत आणि आमच्या पत्नीनें त्यांचा हिशेब अजून मागितलेला नाहीं.

भाच्याशीं बोलणें झालें तें संध्याकाळीं, तो पाय गरम पाण्यांत सोडून बसला असतां. डीमार त्याला ठाऊक होता. फिक्सचें नांवहि ठाऊक होतें, पण बापाची हकीकत ठाऊक नव्हती. ती ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, तो चाचणीला कां नाहीं म्हणाला असेल?" आम्हीं म्हटलें, "तुम्हीं तरी कुठें केली आहे?"

पुढल्या महिन्यांत त्यानें ती करून घेतली. ताई सोबत गेली होती. निकाल चांगला आहे, कोलेस्टेरॉलसाठीं एक गोळी मात्र रोज घ्यावी लागणार आहे, आणि जो इतकें धांवतो त्याला गोळी कशाला, याचें त्याला अजून वैषम्य वाटतें. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीं सुटी असते. लांब धांव त्यानें त्या दिवसांवर नेली आहे. बाकीच्या आठवड्यांचें काय करावयाचें, यावर नवराबायकोचें बोलणें अद्याप चालू आहे.